हीटर ऊब देईना : मिनेसोटातल्या एका हिवाळ्याच्या नोंदी

२९ नोव्हेंबर. बाहेर उणे ९.

आजपासून लिहून ठेवतो. नाहीतर दोन आठवड्यांनी आपण काय मोजलं आणि काय नुसतं वाटलं, यात फरक राहत नाही.

गाडी २००९ची, जपानी सेडान, १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ४८ हजार मैल पळालेली. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाकडून घेतली. आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो. ऑफिस १८ मैलांवर, त्यातले १२ मैल हायवे १६९वरून. वाटेत लेकीची शाळा.

तक्रार अशी, की वीस मिनिटं चालवली तरी हीटरची हवा कोमटच. मार्चमध्येही असंच वाटलं होतं, पण तेवढ्यात बर्फ वितळला आणि मी विसरलो. आता विसरून चालणार नाही. लेक पाच वर्षांची, मागे कार सीटमध्ये बसते. फुगीर जॅकेटवरून मुलांना पट्टे बांधायचे नसतात. धडक बसली तर जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला पडतो. म्हणून जॅकेट काढायचं, पट्टे आवळायचे, वरून पांघरूण. म्हणजे गाडीत सगळ्यात कमी कपड्यांत तीच, आणि गरम हवा पोचायला सगळ्यात उशीर लागतो तोही तिच्याच जागेला. परवा म्हणाली, "बाबा, माझे पाय झोपले." बुटात पाय होते बर्फासारखे.

बायको पाकाची तार बघताना वापरते तो थर्मामीटर मागून घेतला. पंखा चारपैकी तीनवर, नॉब पूर्ण लाल टोकाला, बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू. वीस मिनिटांनी चालकाच्या बाजूच्या जाळीत ३३, शेजारच्या सीटच्या बाजूला २२. धडधाकट हीटरची हवा पन्नास-साठच्या घरात हवी.

(आकडे सगळे सेल्सियसमध्ये. इथले लोक फॅरनहाइटमध्ये बोलतात आणि मला अजून मनात ३२ वजा करावे लागतात. उणे ४०ला दोन्ही मापं एकच होतात. तेवढी वेळ न येवो.)

३० नोव्हेंबर

हत्यार न उचलता नुसता विचार.

गाडीच्या हीटरला स्वतःचा जाळ नसतो. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, जातो. त्यातलंच थोडं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात. तो हीटर कोअर. पंखा त्यावरून हवा फेकतो. आत एक झडप असते, ती गरम आणि गार हवा मिसळते; नॉब फिरवतो तेव्हा हीच झडप हलते. एवढंच यंत्र आहे. तेव्हा दोष असला तर याच वाटेवर कुठेतरी: कूलंटच पुरेसं तापत नाही, किंवा कमी आहे, किंवा त्यात हवा अडकलीय, किंवा कोअरमधून नीट वाहत नाही, किंवा झडप अडकलीय, किंवा पंख्याची हवाच पोचत नाही.

संध्याकाळी कराडला फोन. अण्णांनी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून बत्तीस वर्षं काढली.

"पाणी बघितलंस का?"

"बघितलं, अण्णा. बाटलीत खुणेवर आहे."

"बाटलीतलं नको सांगूस मला. गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण काढ आणि आत बघ. बाटली भरलेली आणि रेडिएटर मोकळा, असं कितीदा बघितलंय."

मग हसले. म्हणाले, आम्ही जन्मभर गाडी गार कशी राहील एवढंच बघितलं; गाडी तापत नाही म्हणून रडणारा तू पहिला. खंबाटकी चढताना गाडी तापली, की त्यांच्या वेळी काही जण पहिल्यांदा थर्मोस्टॅटच (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाकायचे. "तुझा कुणी काढलाय का बघ."

कुणी काढला नसेल, पण अण्णांनी सहज म्हटलेलं बहुतेक वेळा सहज नसतं.

२ डिसेंबर. उणे ११.

सकाळी गार गाडीचं झाकण काढलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. म्हणजे कमतरता नाही. कूलंट गुलाबी असायला हवं ते गढूळ, जुन्या गेरूसारखं. झाकणाच्या आतल्या बाजूला तपकिरी साय. बोटानं पुसली, फोटो काढला, झाकण लावलं.

आता तापमान. डॅशबोर्डवरचा काटा मधल्या खुणेच्या जरासा खाली असतो, तसाच आहे. या काट्यावर माझा विश्वास नाही. बहुतेक नव्या गाड्यांत तो मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. मधला बराच पट्टा तो एकाच जागी उभा राहतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. खरा आकडा इंजिनच्या संगणकाकडे असतो. अमेरिकेत १९९६पासूनच्या सगळ्या मोटारींना स्टिअरिंगखाली ओबीडी-२चं सॉकेट आहे, संगणकातले आकडे आणि दोष वाचण्यासाठी. त्यात बसणारा ब्लूटूथ खडा माझ्याकडे होता, फोनवर आकडे दिसतात.

घराजवळ सिग्नलला उभं असताना ८१. हायवेला लागलो, ताशी ६० मैल, पाचच मिनिटांत ७०, मग ६६, मग ६२. तिथेच थांबला. ऑफिसपाशी हायवे सोडून गल्लीत हळू आलो तर परत ७४. काटा एवढ्या वेळात जेमतेम एक नखभर हलला.

हे अगदी पुस्तकी लक्षण. थर्मोस्टॅट मिटलेला असला, तर इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडा अडकला, की पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून फिरतं आणि हायवेवर उणे ११ची हवा त्याला फुंकर घालत असते. संगणकात पी-०१२८ हा कोडही वाट बघत बसलेला सापडला. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ. दिवा मात्र अजून लागलेला नव्हता.

३ डिसेंबर. उणे १२.

पार्ट मागवला आहे, शुक्रवारी येईल. तोवर कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रेडिएटरच्या पुढे खोचला, निम्मा भाग झाकेल एवढा. इथे ट्रकवाले पुढच्या जाळीला याच कामासाठी कापडी पडदा लावतात. तोच रस्ता, तोच वेग: ६२ऐवजी ७५. निदान पक्कं झालं आणि लेकीचे पायही थोडे जागे राहिले.

पुठ्ठ्याचा एक धोका लिहून ठेवतो. थर्मोस्टॅट बदलल्यावर, किंवा ऊन पडून हवा शून्याच्या वर गेल्यावर तो विसरायचा नाही. फोनवर आकडा डोळ्यांसमोर आहे म्हणूनच लावला.

७ डिसेंबर. उणे ६, शनिवार.

थर्मोस्टॅट बदलला. दोन तासांचं काम म्हणतात, मला साडेचार लागले. गॅरेज तापवलेलं नाही. दहा नंबरचा एक नट बोटांतून निसटून खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर जाऊन बसला. पाऊण तास त्याच्या शोधात गेला.

आधी नवा थर्मोस्टॅट तपासला. नवा म्हणजे चांगलाच असेल, असं काही नसतं. जुन्या पातेल्यात पाणी, दोऱ्यानं थर्मोस्टॅट मधोमध टांगला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी पाकाचा थर्मामीटर. आतल्या गोळीत मेण भरलेलं असतं. ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. अंगावर ८२ कोरलेलं आहे. ८१ला हलायला लागला, पाणी उकळायच्या बेताला आलं तेव्हा पूर्ण उघडा. चूल बंद केल्यावर परत मिटला. बायकोनं दारातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, की हे पातेलं आता कुणाचं. पातेलं माझं झालं.

गाडीखाली. रेडिएटरची खालची तोटी सोडली, साधारण चार लिटर कूलंट बादलीत आलं. ही बादली लगेच झाकून उंचावर ठेवायची. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी; शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या गॅरेजमध्ये निर्धास्त फिरतो.

या इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरच्या खालच्या होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या टोकाला, पंपाच्या तोंडाशी असतो. झाकण उघडलं आणि जुना हातात आला. पूर्ण गार, तरी दोन मिलिमीटर उघडा. मेण मेलेलं नव्हतं. झडपेच्या बैठकीवर एक तपकिरी चिवट खपली अडकली होती आणि तिनंच दार लोटून धरलं होतं. खपली काढली तर जुना थर्मोस्टॅटही मिटला! तरी नवाच बसवला, नव्या रबरी वॉशरसकट, त्याची छोटी डुलणारी झडप वरच्या बाजूला ठेवून. त्या फटीतून अडकलेली हवा वर निसटते.

मग नवं कूलंट, आणि हवा काढणं. गाडीचं नाक वर हवं म्हणून पुढची चाकं रॅम्पवर चढवली. रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं मोठं नरसाळं, त्यात कूलंट, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. मोठे बुडबुडे आले, मग बारीक, मग थांबले. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबलो. गॅरेजचं दार अख्खा वेळ सताड उघडं, थंडी कितीही असो. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

९ डिसेंबर. उणे ७.

हायवेवर ८६ ते ८८, हलत नाही. पुठ्ठा काढून टाकला. चालकाच्या बाजूला ४५, शेजारी २९.

ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं की दुरुस्त झालं.

१४ डिसेंबर. उणे १९.

दुरुस्त झालेलं नाही.

इंजिन ८७ला ठाम आहे. चालकाच्या बाजूला ३८, शेजारी २१. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बर्फाची रेघ तशीच. उणे ७च्या हवेत जे लपलं होतं ते उणे १९ला उघडं पडलं. एक दोष होता तो खरा होता, आणि तो काढल्यावर मागचा दिसायला लागला.

आज हवेच्या बाजूनं सुरुवात केली, कारण ती सोपी. हातमोजे ठेवायच्या कप्प्यामागे केबिन फिल्टर असतो. कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला, फिल्टर ओढला, आणि मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची सालं सांडली. उंदीर. शेजारी पक्ष्यांसाठी दाणे टांगतात, त्यातला वाटा आमच्या गाडीत साठवला जात होता. सालं, मॅपलची पानं, कापसाचा गोळा. फिल्टर निम्म्याहून जास्त बुजलेला. व्हॅक्यूमनं सगळं साफ केलं, मास्क लावून. नवा फिल्टर १४ डॉलर.

पंख्याचा जोर लगेच जाणवला. आणि हवेचं तापमान? चालकाकडे ३८चं ३४ झालं.

आधी वाटलं, मीच काही बिघडवलं. मग जेवताना लक्षात आलं. कोअरमध्ये येणारी उष्णता ठरलेली असेल आणि तिच्यावरून जास्त हवा गेली, तर प्रत्येक घासाला कमी तूप येणार. कोअर भरपूर गरम कूलंटनं भरत असता तर वाढलेल्या हवेनं एवढा फरक पडला नसता. म्हणजे हवा कमी नाही, कोअरमधून वाहणारं कूलंट कमी आहे. बुजलेला फिल्टर इतके दिवस थर्मामीटरला खोटं बोलायला मदत करत होता. जाळीतलं तापमान हे एकटं माप पुरेसं नाही, हवा किती हेही बघावं लागतं. हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं आणि मी त्यात बरे गुण मिळवले होते.

१५ डिसेंबर. उणे १७.

गाडी फिरवून तापवून आणली आणि बॉनेट उघडलं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन रबरी होज आत जातात, एक कोअरला गरम कूलंट देतो, दुसरा परत आणतो. इन्फ्रारेड थर्मामीटर रबरावरच धरला. चकचकीत धातूवर तो भलतेच आकडे दाखवतो. पंखा पूर्ण जोरात:

आत जाणारा ८१. बाहेर येणारा ३९.

हात लावूनही कळतं, एकावर टेकवत नाही आणि दुसरा मुठीत धरून बसावंसं वाटतं. दोन्ही गरम असते आणि हवा गार असती तर झडपेवर संशय घेतला असता. दोन्ही कोमट असते तर पंप किंवा अडकलेली हवा. एक कढत आणि एक कोमट, म्हणजे कूलंट आत रेंगाळतंय आणि तिथेच सगळी उष्णता देऊन मोकळं होतंय. कोअर तुंबलाय. चालकाकडे गरम आणि शेजारी गार, याचंही कोडं सुटलं. या गाडीत दोन्ही बाजूंना वेगळी झडप नाही, पण कोअरच्या काही नळ्या वाहत्या असतील आणि काही बंद, तर त्याची एक बाजू गार राहणारच.

त्या खपलीचा फोटो पुन्हा उघडून बघितला. झाकणाखालची साय, थर्मोस्टॅटमधली खपली, सगळं एकाच घरचं. आठ दिवस पुरावा माझ्या फोनमध्ये होता.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. बिचारे आठवून म्हणाले, एका उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता, कुठल्याशा दुकानात एक बाटली ओतून दिली, गळती थांबली. ती गळती बुजवायची पूड. भोक बुजवते हे खरं, पण भोक कुठलं आणि कोअरची बारीक नळी कुठली, हे तिला कळत नाही.

एका गॅरेजमध्ये कोअर बदलायचा अंदाज विचारला. १४०० डॉलर. कोअर स्वस्त आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बदलायचं मग बघ. आधी पाठीमागनं पाणी मारून बघ. ज्या वाटेनं घाण आत गेली त्याच वाटेनं तिला बाहेर काढ."

२१ डिसेंबर. उणे १४. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, आणि तोही गॅरेजमध्ये गेला.

कोअर धुण्याचे व्हिडिओ सगळे टेक्सास-फ्लोरिडाचे. अंगणातला नळ, बागेचा पाइप, उघड्या पायांत चप्पल. आमचा बाहेरचा नळ ऑक्टोबरातच आतून बंद करून रिकामा केलेला असतो, नाहीतर पाइप फुटतो. शिवाय नळाच्या पूर्ण दाबानं जुना कोअर फुटू शकतो, आणि फुटला तर गोड वासाचं कूलंट थेट पायांवर. म्हणून पाच गॅलनच्या दोन बादल्या, मत्स्यालयाचा छोटा पंप आणि १६ मिलिमीटर आतला व्यास असलेली पारदर्शक नळी. पारदर्शक मुद्दाम, काय निघतंय ते दिसावं म्हणून.

होज काढणं हेच सगळ्यात जिवावरचं. पंधरा वर्षांचं रबर ॲल्युमिनियमच्या नळीला चिकटून बसलेलं. ओढलं तर नळी वाकणार, वाकली की डॅशबोर्ड उतरवा. पहिला होज पिळून, हलवून निघाला. दुसरा निघेना, तेव्हा त्याचं टोक ब्लेडनं हलक्या हातानं उभं चिरलं आणि सालीसारखं सोलून काढलं. होज बदलता येतो.

आधी माप. बादली कोअरपेक्षा साधारण मीटरभर उंच ठेवली, पंप न लावता नुसतं उंचीवरून पाणी सोडलं, एक लिटर बाहेर यायला किती वेळ? ५२ सेकंद. नळी नुसती मोकळी सोडली तर तेच लिटर ७ सेकंदांत येतं.

मग उलट दिशेनं, म्हणजे एरवी जिथून कूलंट बाहेर पडतं तिथून कोमट पाणी पंपानं आत. पहिल्या मिनिटाला गढूळ गुलाबी. मग काही नाही. मग नळी चिमटीत धरून झटक्यानं सोडली, तेव्हा पहिला तपकिरी लोट आला, आणि त्यात सोनेरी चमचमणारे कण. चिमटी, सोड, चिमटी, सोड. दिशा बदलून पाच मिनिटं, परत उलट. बादलीच्या तळाशी चहाच्या गाळासारखा थर. लेक शेजारी स्टुलावर बसून मोजत होती. तिच्या हिशोबात सदतीस वेळा "घाण आली".

दुपारी ३१ सेकंद. संध्याकाळी २४. तिथे अडलं. दुकानात मिळणारं कूलिंग सिस्टिम धुवायचं द्रावण, ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं बघून, पाण्यात मिसळून कोअरमध्ये भरलं आणि ठरवलं, रात्रभर मुरू दे.

रात्री साडेअकराला झोपताना ताडकन उठून बसलो. कोअरमध्ये पाणी आहे. गॅरेजमध्ये उणे ५ आहे. पहाटेपर्यंत उणे १० होईल. तुंबलेला कोअर साफ करता करता मी तो गोठवून फोडणार होतो. पायजम्यावर जॅकेट चढवून खाली गेलो, द्रावण काढलं, तोंडानं फुंकून (चव अजून जिभेवर आहे, हे करू नये) जमेल तेवढं पाणी बाहेर घालवलं आणि निम्मं कूलंट-निम्मं पाणी भरून दोन्ही तोंडांना बूच मारलं. हात थरथरत होते, ते थंडीनं का भीतीनं, नोंद नाही.

२२ डिसेंबर. उणे १२.

द्रावण परत भरलं, या वेळी दिवसा, तास तासभर, मध्ये मध्ये पंपानं फिरवत. तिसऱ्या फेरीला एक नखाएवढा तुकडा सुटून नळीत आला आणि त्याच्यामागून पाणी एकदम धावलं. एक लिटर ११ सेकंदांत. आणखी दोन फेऱ्या केल्या, ११च. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं, नळाचं कठीण पाणी आत ठेवायचं नाही म्हणून.

इंजिनच्या बाकीच्या भागातलं कूलंटही बदललं. नाहीतर उरलेल्या खपल्या फिरून परत तिथेच. एक चूक टाळली ती लिहितो: धुतल्यावर इंजिनच्या पोटात साधं पाणी बरंच राहून जातं. त्यावर तयार ५०-५० कूलंट ओतलं तर मिश्रण पातळ होतं. म्हणून आधी शुद्ध कूलंट, सिस्टिम साडेसहा लिटरची तर सव्वातीन लिटर, आणि वर लागेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. दोन्ही होज नवे, क्लॅम्प नवे. नरसाळं, रॅम्प, बुडबुडे, उघडं दार.

जुनं कूलंट आणि धुण्याचं पाणी झाकणाच्या डब्यांत भरून ठेवलंय. काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्यायचं.

२३ डिसेंबर. उणे १६.

इंजिन ८७. होज: आत ८३, बाहेर ६८. चालकाकडे ५९, शेजारी ५५, पंखा तीनवर आणि तोही नव्या फिल्टरसकट. म्हणजे हवा जास्त आणि गरमही.

या वेळी ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही.

४ जानेवारी. उणे ८.

रिफ्रॅक्टोमीटरवर कूलंटचे दोन थेंब टाकून बघितले. गोठणबिंदू उणे ३५. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उणे ३७ यायला हवं. म्हणजे पोटात माझ्या हिशोबापेक्षा जरा जास्त पाणी राहिलं होतं. अर्धा लिटर काढून तेवढंच शुद्ध कूलंट भरलं. "जास्त कूलंट म्हणजे जास्त सुरक्षित" असं मात्र नाही. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३च्या आसपासच गोठतं. पाण्याबरोबरच ते कामाचं.

खालच्या होजच्या क्लॅम्पपाशी ओल दिसली. अर्धा आटा आवळला, कागदी रुमाल गुंडाळून ठेवला. दोन दिवसांनी रुमाल कोरडा.

फोनवर अण्णांना आकडे वाचून दाखवले. त्यांना डिग्रीत रस नव्हता. "घाण किती निघाली?" बादलीच्या तळाचा फोटो पाठवला. थोड्या वेळानं त्यांचा उलट निरोप: गाळ टाकला का ठेवलास? ठेवलाय, मुरंब्याच्या बाटलीत. बायकोला माहीत नाही.

२१ जानेवारी. उणे २८.

शाळा दोन तास उशिरा. गाडी रात्रभर ब्लॉक हीटरला लावलेली होती. इथल्या बऱ्याच गाड्यांच्या नाकातून प्लगची वायर लोंबत असते ती त्याचीच, इंजिनमधलं कूलंट विजेवर तापवते. तरी पहिली सात मिनिटं हवा गारच. एवढ्या थंडीत इंजिन स्वतःच तापायला वेळ घेतं, त्याला कोअर काय करणार. पंखा आधी एकवर ठेवला, इंजिन ६० ओलांडल्यावर तीनवर. सुरुवातीलाच जोरात लावला तर आलेली उष्णता तो तिथल्या तिथे घालवतो.

वीस मिनिटांनी चालकाकडे ५४, शेजारी ५१. काचेच्या कोपऱ्यातली रेघ गेली. मागून आवाज, "बाबा, पांघरूण काढ, उकडतंय."

पंखा दोनवर घेतला. परत येताना पेट्रोल भरलं. रेडिएटरची पातळी: खुणेवर. गॅरेजच्या फरशीवर डाग नाही. जुने डबे अजून कचरा केंद्रावर द्यायचे राहिलेत.